अंमल : अफूचा आणि राज्याचा

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो आहे. धड्यात एखादा शब्द आला की ते त्याचा अर्थ फळ्यावर लिहीत नसत. तो कोठून आला आणि वाटेत काय काय गमावून आला, हे आमच्याकडून काढून घेत. संयोजकांनी मला ‘अंमली पदार्थ आणि आजची तरुण पिढी’ असा विषय सुचविला होता. विषय गंभीर आहे. परंतु त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांचे बोलणे तरुणांना चार उपदेश करून थांबते. मी आयुष्यभर मराठी शिकविले. तेव्हा गुरुवर्यांच्याच पद्धतीने, विषयातील पहिल्या शब्दापासून सुरुवात करतो.

‘अंमल’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. मराठीत तो दोन अर्थांनी नांदतो. ‘भोसल्यांचा अंमल’, ‘इंग्रजी अंमल’, ‘कायद्याची अंमलबजावणी’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो राज्यसत्तेचा शब्द असतो. ‘त्याला अंमल चढला’, ‘अंमली पदार्थ’ असे म्हणतो, तेव्हा तो नशेचा शब्द होतो. एकाच शब्दाने सत्ता आणि धुंदी या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, हा भाषेतील निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता आला असता. परंतु अफूचा इतिहास वाचताना पानोपानी असे दिसते की येथे हे दोन अर्थ वेगळे करताच येत नाहीत. अफू कोणी पिकवावी, कोणी विकावी, कोणी खावी आणि कोणाला ती मिळू नये, हे नेहमी ज्याचा अंमल त्याने ठरविले. आजचे माझे सांगणे एवढ्यापुरतेच आहे.

अफू हा शब्दही परदेशीच. ग्रीक भाषेत रसाला जो शब्द आहे त्याच्यापासून ‘ओपिऑन’, त्याचे अरबीत ‘अफ्यून’, आणि तेथून आपली अफू व हिंदीतील अफीम. संस्कृत पंडितांनी त्याला ‘अहिफेन’ असे भारदस्त रूप दिले, म्हणजे सापाचा फेस. चरक-सुश्रुतांच्या संहितांत हे द्रव्य सापडत नाही. शार्ङ्गधर आणि भावमिश्र यांच्या ग्रंथांत ते येते. म्हणजे आपल्या वैद्यकात ते मध्ययुगात आले असे म्हणता येते. या झाडाचे बी मात्र आपल्या स्वयंपाकघरात निर्धास्तपणे वावरते. दिवाळीच्या अनारशावर पसरलेली खसखस ती हीच. लोक एकदम हसले की ‘खसखस पिकली’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणत्या बोंडात पिकते याचा विचार कोणी करीत नाही. ‘बोंड’ हा शब्द तर आपल्या शेतातला. कापसाचे बोंड तसेच अफूचेही बोंड. आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या काळ्या मातीत कापसाचे बोंड फुटते आणि संत्र्याचे बार धरतात. अफू येथे पिकत नाही. आपल्याच राज्याच्या वायव्य टोकाला, नीमच, मंदसौर आणि रतलाम या जिल्ह्यांत मात्र दुसरे बोंड डोलते.

काही वर्षांपूर्वी एका परिसंवादाच्या निमित्ताने मी नीमचला गेलो होतो. फेब्रुवारीचे दिवस होते. पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या गळून गेलेल्या, हिरवी बोंडे मनगटाइतक्या उंचीवर सरळ उभी, आणि प्रत्येक शेत जेमतेम काही गुंठ्यांचे. ही लागवड केंद्र सरकारच्या परवान्यावर होते; परवान्याला तेथे पट्टा म्हणतात, आणि तो देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. चिरे देण्याआधी शेतकरी कालिकामातेची पूजा करतात. दुपारी बारीक पात्यांच्या हत्याराने बोंडावर उभे चिरे देतात. रात्रभर पांढरा चीक पाझरतो, काळवंडतो, आणि सकाळी तो खरवडून घेतात. एकाच बोंडाला असे तीन-चार वेळा चिरतात. हंगामात घरातील माणसे शेतातच निजतात, कारण चोर आहेत, नीलगाय आहे आणि अफूची चटक लागलेले पोपटही आहेत. पोपटांची गोष्ट मला थट्टेची वाटली होती. तेथील शेतकरी मात्र ती अगदी गंभीरपणे सांगत होते.

ठरलेल्या प्रमाणात माल दिला नाही तर पुढील वर्षी पट्टा जातो. पूर्वी हे प्रमाण चिकाच्या वजनावर मोजत, अलीकडे त्यातील मॉर्फीनवर मोजतात. गारपीट झाली, अवकाळी पाऊस आला, तरी कागदावरील आकडा शेतकऱ्याच्या मानेवर असतोच. २०२३-२४च्या हंगामात मध्यप्रदेश, राजस्थान आणि उत्तरप्रदेश मिळून सुमारे १ लाख १२ हजार शेतकरी परवान्यास पात्र होते. सरकारी भाव आणि चोरट्या बाजारातील भाव यांत कित्येक पटींचे अंतर आहे. त्या अंतरातून जे गळते, त्याचीच पुढे ब्राऊन शुगर होऊन ती शहरांच्या गल्ल्यांत पोहोचते. ज्याच्या शेतातून ते गळते तो शेतकरी तुरुंगात जातो. त्या गळतीवर ज्याचे बंगले उभे राहतात त्याचे नाव क्वचितच ऐकू येते.

हे अंतर आजचे नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ साली बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता आपल्या हाती घेतला. गाझीपूरचा कारखाना १८२०चा. माळवा मात्र कंपनीच्या मुलखात नव्हता. तो शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांचा. माळव्याची अफू उंटांवरून, बैलांवरून पोर्तुगीजांच्या दमणला आणि सिंधमार्गे कराचीला जाई, आणि तेथून चीनला. कंपनीने ती अडविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. जमेना, तेव्हा १८३०च्या सुमारास धोरण बदलले : माल मुंबईवरूनच जाऊ द्या, आणि पेटीमागे कर घ्या. पेटी सुमारे १४० पौंडांची असे. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला आणि कराचीची वाट बंद झाली. त्या वर्षी पेटीमागचा कर २०० रुपये होता, तो १८४७ साली ४०० रुपये झाला. अफूवर बंदी घालण्याचा विचार त्या हिशेबात कोठेच नव्हता. वाट एकच उरली, म्हणून जकात वाढविली, इतका सरळ तो व्यवहार होता.

मराठी माणसाने येथे थोडे थांबून आपल्याकडेही पाहिले पाहिजे. माळव्यातील मराठी संस्थानांच्या तिजोरीत या पिकाचा पैसा होता. उज्जैन-इंदूरच्या सावकारीत होता. आणि ज्या मुंबईचा आपल्याला अभिमान वाटतो तिच्या उभारणीतही होता. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या व्यापारात, कापसाबरोबर अफूच्याही व्यापारात, संपत्ती मिळविली, आणि त्यातून मोठा दानधर्म केला. १८४५ साली सुरू झालेले त्यांच्या नावाचे रुग्णालय आजही गोरगरिबांची सेवा करीत आहे. त्या दातृत्वाला मी उणे लेखत नाही. मात्र एका देशातील माणसांना झोपवून मिळालेल्या पैशातून दुसऱ्या देशातील माणसांना बरे करण्याची सोय झाली, हेही इतिहासात तितकेच खरे आहे. चीनच्या बादशहाचा अधिकारी लिन झेशू याने १८३९ साली वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या. इंग्रजांनी त्याचे उत्तर तोफांनी दिले. १८३९ ते १८४२ आणि १८५६ ते १८६० ही ती दोन युद्धे. आपल्या शालेय पुस्तकांत ती दोन ओळींत संपतात. त्या पेट्यांत माळव्याचाही माल होता, हे त्या दोन ओळींत मावत नाही.

या व्यापाराविरुद्ध विलायतेच्या भूमीवर जाऊन बोलणारी एक मराठी स्त्री होती, आणि तिचे नाव आपण विसरलो. पुण्याच्या सुंदराबाई पवार. पंडिता रमाबाईंच्या सहकारी. त्यांनी इंग्लंडमध्ये सभांतून अफूच्या व्यापारावर भाषणे केली, आणि १८९२ साली लंडनमध्ये त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. ब्रिटिश सरकारच्या अफूच्या अपराधावर एका हिंदी स्त्रीने ठेवलेले आरोपपत्र, असे तिच्या नावाचेच स्वरूप होते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी बाईने राज्यकर्त्यांना त्यांच्याच घरी जाऊन ‘अपराध’ हा शब्द ऐकविला. आपल्या वाङ्मयेतिहासात तिला एक परिच्छेदही मिळू नये, याची मला एक शिक्षक म्हणून खंत वाटते. पुढे १८९३ साली सरकारने अफूविषयी शाही आयोग नेमला. १८९५ साली त्याचा अहवाल आला, तो बहुतांशी चालू व्यवस्थेच्या बाजूचा. हिंदुस्थानी माणूस अफू बेताने खातो, तिने त्याचे फारसे बिघडत नाही, असा त्याचा सूर होता. चीनला होणारी निर्यात १९१३ साली थांबली, तीही चीनशी झालेल्या कराराने.

‘बेताने खातो’ हे शब्द मला आपल्या घराजवळ आणतात. आपल्याकडे अफू कोण खात होते? म्हातारी माणसे गुडघेदुखीसाठी खात, काही दरबारी मंडळी चैनीसाठी. परंतु सर्वांत लहान खाणारा होता पाळण्यातला.

माझी आजी जिनात कापूस निवडायला जाणाऱ्या बायकांविषयी सांगत असे. हंगामात पांढुर्ण्याच्या जिनांत पहाटेपासून काम. सरकीची धूळ नाकातोंडात, आणि बाई तासभर जरी बाळाकडे गेली तरी मजुरी कापली जाई. मग बाजरीच्या अर्ध्या दाण्याइतकी अफू बोटाला लावून ते बोट बाळाच्या तोंडात द्यायचे. बाळ दुपारपर्यंत झोळीत निपचित. वेचणीला, निंदणाला जाणाऱ्या बायाही तेच करीत. झोळी बांधावरच्या बाभळीला. आजी हे निंदेने सांगत नसे. ‘पोर रडलं असतं त पोट कशानं भरलं असतं’, एवढेच तिचे म्हणणे. काही बाळे त्या झोपेतून उठलीच नाहीत, हेही ती सांगे. पण आवाज खाली करून.

मुंबईच्या गिरणगावात यासाठी तयार गोळ्याच मिळत. लोक त्यांना बाळागोळी म्हणत. १९२२च्या सुमारास डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या बाईंनी गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्याच आया तान्ह्या मुलांना अफू देतात असे आढळले. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने, म्हणजे मजुरांच्या स्थितीविषयीच्या शाही आयोगाने, १९३१च्या अहवालात या चालीची दखल घेतली. त्या काळातील उपदेशपर लेखनात या आयांना अडाणी म्हटलेले दिसते. अडाणीपण असेल, परंतु अफूची दुकाने सरकारी परवान्याची, तिच्यावरचे उत्पन्न सरकारी, कारखान्याचा भोंगा मालकाचा, आणि अडाणी फक्त आई! १९४८च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली ती संख्या तीसवर आणली. पाळण्यातली अफू कमी झाली त्यात उपदेशाचा वाटा किती आणि पाळणाघराचा किती, हे मोजणे कठीण आहे. माझे मत पाळणाघराच्या बाजूने आहे. शेतातल्या बाईला मात्र त्या कायद्याने काहीच दिले नाही.

आईने विश्वासाने बाळाच्या तोंडात घातलेला थेंब घातक ठरतो, हे आपल्या भागाने २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा पाहिले. परासियाच्या परिसरात खोकल्याच्या औषधातील डायइथिलीन ग्लायकोलमुळे वीसहून अधिक बालके गेली. त्या औषधाचा अफूशी काही संबंध नव्हता. तरी ती बातमी वाचताना मला आजीचा खाली गेलेला आवाज आठवला. या वेळीही पहिला प्रश्न काही लोकांनी आयांनाच विचारला.

आता दुसऱ्या टोकाकडे येतो. ज्याला अफूची गरज नव्हती त्या बाळाला ती मिळत होती. ज्याला तिची खरोखर गरज आहे त्याचे काय?

१९८५ साली अंमली पदार्थांविषयीचा कठोर कायदा आला. हेरॉइनचा व्यापार वाढत होता, मुंबई-दिल्लीची मुले तिच्या आहारी जात होती, म्हणून कायदा हवाच होता. पण त्यातील शिक्षा इतकी कडक आणि परवान्यांची साखळी इतकी लांब की, औषध म्हणून मॉर्फीन ठेवणेही रुग्णालयांनी आणि औषध-दुकानदारांनी सोडून दिले. अफूच्या चिकातून निघणारे हे वेदनाशामक एका जर्मन औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे केले. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर आजही त्याला सहज पर्याय नाही. १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत भारतातील मॉर्फीनचा औषधी वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. त्याच काळात नीमच आणि गाझीपूर येथून अफू अमेरिका-युरोपकडे जातच होती. अमेरिकेने तर १९८१ साली नियमच केला होता की, औषधासाठी लागणाऱ्या अशा कच्च्या मालाचा ८० टक्के भाग भारत आणि तुर्कस्तान यांच्याकडूनच घ्यावा. आपल्या शेतातील चीक परदेशच्या रुग्णांची वेदना शमवीत होता.

माझी थोरली बहीण सौंसर तालुक्यातील एका खेड्यात दिलेली. २०११ साली तिचा कर्करोग हाडांपर्यंत गेला. कूस बदलली तरी ती ओरडत असे, आणि ती ओरडणारी बाई नव्हती; नऊ माणसांचा संसार तिने चुलीपुढे बसून केला होता. मी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि नागपूरच्याही औषध-दुकानांत हिंडलो. कोणाकडे मॉर्फीनची गोळी नाही. एका डॉक्टरांनी मला समजावले, ‘सर, त्याची सवय लागते.’ मी घरी येऊन ताईला ते सांगितले. ती म्हणाली, ‘सवय लागाले मले दिवस तरी राह्यले काय रे?’ ओळखीपाळखीने दहा गोळ्या मिळाल्या तेव्हा शेवटचे चार दिवस उरले होते. त्या चार दिवसांत ती आमच्याशी बोलली, नातीच्या लग्नाचे विचारले, भाकरीचा तुकडा मागून घेतला. त्याआधीचे तीन महिने तिचे कोणाशीच बोलणे झाले नव्हते.

केरळात १९९३ साली कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले, आणि गल्लोगल्लीच्या स्वयंसेवकांच्या बळावर हे काम घराघरांत नेले. मॉर्फीन नीट दिले तर गावोगाव व्यसनी तयार होत नाहीत, हे तेथील अनुभवाने दाखविले. कायदा २०१४ साली दुरुस्त झाला. काही मोजक्या अत्यावश्यक औषधांसाठी परवान्यांचा जाच कमी केला गेला. तरीही ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ साली मांडलेल्या हिशेबानुसार, भारतात गरजेच्या सुमारे चार टक्के इतकेच वेदनाशामक रुग्णांपर्यंत पोहोचत होते.

आणि व्यसन? ते कमी झाले असते तर एवढ्या वेदनेचा काही तरी मोबदला मिळाला, असे म्हणता आले असते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९च्या अहवालात, देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक अफू वा तिच्या जातीचे पदार्थ घेतात, आणि त्यांतील ७७ लाखांना उपचाराची वा मदतीची गरज आहे, असा अंदाज आहे. सर्वांत मोठा वाटा हेरॉइनचा, त्याखालोखाल औषधी गोळ्या-बाटल्यांचा. साधी अफू मागे पडली आहे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध कोणत्या पानटपरीमागे मिळते, हे नववीतील मुलाला ठाऊक असते. ते कोडीनही त्याच बोंडातले. म्हणजे जो औषध मागत होता त्याच्या तोंडाशी कायदा आडवा आला, आणि जो विष घेत होता त्याला ते मिळतच राहिले.

व्यसनात सापडलेल्या मुलाला आपण काय करतो? जामसावळीला नेतो. निद्रिस्त मारुतीपुढे त्याला बसवतो. ज्यांना त्या श्रद्धेने धीर येतो त्यांच्या धीराला मी हात लावणार नाही; घरच्यांना चार दिवस त्याच्याजवळ बसायला मिळते, हेही काही कमी नाही. पण परत येताना त्याच वाटेवर त्याला डॉक्टरकडेही न्यावे. अफूच्या जातीचे व्यसन एकाएकी तोडले की शरीर अक्षरशः पिळवटते. त्यावर औषधे आहेत, आणि ती मागण्यात लाज नाही. त्या मुलाला चारचौघांत ‘नशेडी’ म्हणून हाक मारणाऱ्या काकांनी आपल्या आजीची झोळी एकदा आठवून पाहावी.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी बोलणारे आपण लोक आता जिल्ह्याचे धनी आहोत. जिल्ह्याला जिल्हा रुग्णालय लागते. तेथे यंत्रे येतील, पाट्या लागतील, उद्घाटने होतील. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, औषध-दुकानदार आहेत, नगरपालिकेत निवडून आलेले आहेत. त्यांच्याकडे माझी मागणी आहे. २०१४च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाला मॉर्फीन ठेवण्यासाठी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घ्यावी लागते, आणि वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर लागतो. आपल्या जिल्ह्यातून एक डॉक्टर त्या प्रशिक्षणाला पाठवा. तो अर्ज भरा. नोंदवही ठेवा, कुलूप ठेवा, मोजदाद ठेवा. पण गोळी ठेवा. गुरुवर्यांच्या नावाचा निधी शाळेकडे आहे, तो नियमांत बसत असेल तर त्या डॉक्टरच्या प्रवासखर्चाला द्यावा, अशी सूचना मी अध्यक्षांकडे लेखी दिली आहे.